आमच्या घरचं अर्पण

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

प्रभूच्या दयेने इकडे सगळं ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात?

शुश्रूषागृहाच्या मोठ्या बाईंचं पत्र आमच्या पंचमंडळाला आलं. मे अखेर तू सेवेतून मोकळी होणार, हे वाचून माझे डोळे भरून आले. एवढी वर्षं तू त्या न बऱ्या होणाऱ्या माणसांना उचललंस, धुतलंस, भरवलंस. आता विसावा घे.

मुद्द्याला येतो. तिथली सेविकेची जागा आपल्या चर्चच्या मंडळीची आहे. ती रिकामी ठेवता येत नाही. बरेच दिवस गुडघे टेकून प्रार्थना केली आणि उत्तर मिळालं. तुझ्या जागी आमची चिंगी येईल. घरातलं दान घरातूनच पुढे चालेल, याहून सुंदर काय?

तुला ठाऊकच आहे, दर मार्चात अर्पणाच्या रविवारी मी तुझी गोष्ट सांगतो. सहा वर्षांचा मी तापाने फणफणलेला, मरणाच्या दारात. बाबांनी नवस केला, पोर वाचलं तर घरातलं उत्तम ते देवाला देईन. मग त्या रविवारी बाबा बाकावरून उठून म्हणाले, 'माझ्या घरातलं जे उत्तम, ते आज देवाला देतो.' आणि कोणी काही बोलायच्या आत माझी सतरा वर्षांची बहीण उभी राहिली. कोणी सांगितलं नाही, कोणी ढकललं नाही. इथपर्यंत येतो तोवर पुढच्या बाकांवरचे रुमाल बाहेर आलेले असतात. दुसऱ्याच्या जिवाखातर आपला जीव देणं म्हणजे काय, हे मी लोकांना पुस्तकातून नाही, तुझ्यातून शिकवलं.

या वर्षी त्या गोष्टीनंतर चिंगी उभी राहील. तू तिला उद्देशून चार ओळी लिहून पाठव. मी त्या वेदीपाशी वाचून दाखवीन.

तुझा,
बाळू


११ फेब्रुवारी

चि. बाळूस आशीर्वाद.

गुडघे काही म्हणत नाहीत, ओरडतात.

तुझं पत्र मी दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर बसून वाचलं आणि इतकी हसले की कोपऱ्यातल्या खाटेवरून घंटावाल्या आजोबांनी विचारलं, "कोण गेलं?" हो, तेच ते, आपल्या चर्चची घंटा वाजवणारे. आता त्यांना माझा हात लागल्याशिवाय कूस बदलता येत नाही, पण कान शाबूत आहेत.

तुझ्या पत्रात चिंगीबद्दल सगळं आहे, फक्त चिंगी काय म्हणाली तेवढं नाही. पोरीला विचारलंस का? लिफ्ट दुरुस्तीच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली, हे तिने मला मागेच कळवलं. एवढ्या मुलांमध्ये ती एकटी मुलगी. तिने पत्राच्या कोपऱ्यात पान्याचं चित्र काढलं होतं. तुझ्या पत्रात पानाही नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला रे काय लागतं!

तू पाळक, मी भांडी धुणारी, तेव्हा शास्त्र तूच सांगायचंस. तरी एक विचारते. नियमशास्त्रात पहिलं जन्मलेलं सगळं देवाचं, असं आहे ना? वासरू द्यायचं, कोकरू द्यायचं. पण माणसाचं मूल द्यायचं नाही, सोडवून घ्यायचं. तशी आज्ञाच आहे. गाढवाचं शिंगरूसुद्धा कोकरू देऊन सोडवता येतं. म्हणजे गाढवाला आहे ती सवलत तुझ्या लेकीला नाही.

चार ओळी मी लिहिणार नाही. आणि माझ्या विसाव्याबद्दल एवढा गहिवरू नकोस. इथे कपडे धुणारी निळीवाली मावशी तुला आठवत असेल, हात कायम निळीने निळे. तिने तिच्या घरातली वरची खोली माझ्यासाठी धरून ठेवली आहे. खिडकीखाली सायकलवाल्याचं दुकान आहे. मला तिथे सकाळी कोणी हाक न मारता उठायचंय आणि गरम असेपर्यंत चहा प्यायचाय. सतराव्या वर्षापासून मी एकही कप गरम संपवलेला नाही. याला कोणी मोह म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

ताई


१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझी जीभ काही बोथट झाली नाही.

शास्त्र काढलंस म्हणून सांगतो. अब्राहामाने आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला नेताना विचारलं होतं का? लाकडं त्याच्याच पाठीवर दिली आणि डोंगर चढला. देताना बापाच्या काळजाला घरं पडत नसतील तर ते अर्पण कसलं? मलाही तेवढी एकच मुलगी आहे. स्वर्गातल्या बापाने आपला एकुलता एक दिला, त्या देण्यावरच आपलं सगळ्यांचं तारण उभं आहे. हे मी दर रविवारी सांगायचं आणि स्वतःच्या घरी वेळ आली की मूग गिळून बसायचं?

आणखी एक गोष्ट तुला माहीत असूनही तू विसरतेस. मंडळीची सेविका तिथे आहे म्हणूनच मंडळीच्या दोन खाटा तिथे आहेत. जागा रिकामी झाली की खाटा जातात. तुझे घंटावाले आजोबा आणि ती सुताराची विधवा, दोघांना कुठे ठेवायचं? माझ्या पडवीत? दुसऱ्या कोणाची मुलगी मागायला मी कोणत्या तोंडाने जाऊ?

खरं सांगू? तू तिकडे गेलीस आणि मी जगलो. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. भात टाकला तरी आई म्हणायची, ताई कोणासाठी गेली आठव. शाळेत नापास झालो तरी तेच. मी पाळक झालो तोही त्या ओझ्यानेच. तुझ्या जागी माझं रक्त उभं राहिलं की मी मोकळा झालो, असं मला वाटतं. तेवढं सुख मला नको का?

पंचांना सांगून झालंय. मंडळीतही बोलबाला झालाय. आता मागे फिरलो तर नाक कापलं जाईल.

बाळू


२० फेब्रुवारी

लाडक्या आत्या,

हे पत्र मी शिडीवर बसून लिहितेय, कारण घरात मला एकटीला बसूच देत नाहीत. जो येतो तो माझ्या डोक्यावर हात ठेवतो. केसांचं पार पोतेरं झालंय.

सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलेत. पाववाला पाव देताना डोळे पुसतो. माझ्या मैत्रिणीने काल माझी सायकल मागितली. "तुला आता काय करायचीय?" म्हणाली. आत्या, मी अजून इथेच आहे गं, आणि माझ्या वस्तूंच्या वाटण्या चालू आहेत.

मम्मी भांडी जोरात आपटते.

पप्पा म्हणतात बळजबरी अजिबात नाही. ते तुझी गोष्ट सांगतील आणि थांबतील. तेव्हा मला आतून वाटलं तर उभं राहायचं, नाही वाटलं तर बसून राहायचं. सगळं चर्च माझ्याकडे बघत असताना! असं कोण बसून राहील?

माझं शिक्षण सुरू होतं त्या रविवारच्याच आठवड्यात. लिफ्टवाले म्हणालेत, जागा तेवढाच काळ धरून ठेवतो.

मला खरं सांग, तू उभी राहिलीस तेव्हा तुला काय झालं? देवाचा आवाज आला? अंगातून वीज गेली? मी रोज वाट बघतेय, पण रोज नुसता पाववालाच येतो. तुझ्याएवढी मी चांगली नाहीये, एवढं मला कळलंय. पण मी उठेन बहुतेक. न उठण्याची हिंमत माझ्यात नाही.

तुझी,
चिंगी


२५ फेब्रुवारी

चिंगे,

देवाचा आवाज मला आला नाही. मला कोंबडीचा आवाज आला.

हसू नकोस. हस, हवं तर. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा अर्पणाच्या रविवारी लोक घरचं काहीबाही आणायचे. भोपळे, अंडी, धान्याची पिशवी. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव व्हायचा. जिवंत जनावर आत आणायचं नाही, ते बाहेर व्हरांड्यात बांधून ठेवायचं. मग घरातला मोठा माणूस उठून दोन शब्द बोलायचा आणि घरचं पोर बाहेर जाऊन ते घेऊन यायचं. आमच्या घरात ते काम माझं. त्या वर्षी आम्ही ठिपक्यांची कोंबडी आणली होती. आईची लाडकी, रोज अंडं देणारी. टोपलीखाली ठेवली होती आणि सबंध उपासनाभर कलकलाट करत होती.

बाबा उठले आणि म्हणाले, "माझ्या घरातलं जे उत्तम, ते आज देवाला देतो." मी उठले. मी कोंबडी आणायला उठले, चिंगे.

बाकातून बाहेर पाऊल टाकायच्या आत म्हातारे पाळक दोन्ही हात पसरून खाली आले. बाबांचा नवस सगळ्यांना माहीत होता ना, आणि शुश्रूषागृहासाठी पाळक कधीचे सेविका शोधत होते. "धन्य ही मुलगी!" म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मागे बायका रडायला लागल्या. कोणीतरी गाणं सुरू केलं. मला आधी कळेचना, एका कोंबडीसाठी एवढं काय. मग कळलं, गाणं माझ्यासाठी चाललंय.

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. मी कशाला उठले हे त्यांना पक्कं माहीत होतं. आईलाही. "अहो, ती कोंबडी आणायला चाललीय," एवढं एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. लोक हसले असते, मीही हसले असते. पण बाबांना चारचौघांत हसं झालेलं कधी सोसवलं नाही. सगळं चर्च त्यांच्याकडे अब्राहाम असल्यासारखं बघत होतं, आणि ते खाली बसले.

तू विचारशील, मी का बोलले नाही. पाळकांचा हात डोक्यावर, सगळ्यांचे डोळे ओले, आणि माझ्या तोंडातून 'कोंबडी' हा शब्द निघेना. देवापुढे कसा उच्चारायचा तो!

शास्त्रात मुलगा वेदीवरून उठून घरी जातो आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका त्याच्या जागी कापला जातो. आमच्याकडे मी गेले आणि कोंबडी घरी परत आली. आईने ती कधी कापली नाही. म्हातारी होऊन मेली ती.

तुझ्या पप्पाला यातलं काही माहीत नाही. तो तेव्हा सहा वर्षांचा. आता मुद्दाम सांगायला नको. ती गोष्ट काढून घेतली तर त्याच्याकडे उरेल काय?

तू मात्र चांगली मुलगी नाहीस वगैरे डोक्यातून काढ. मीही नव्हते. त्या दिवशी बसून राहा. लोक बघतील, बघू देत. नाहीच बसवलं तर निघून जा. सायकल कोणाला देऊ नकोस.

आत्या


१४ मार्च

ताई,

तुला प्रिय लिहायला आज हात होत नाही.

रविवारी चर्च तुडुंब भरलं होतं. तीन पंचांच्या बायका मुद्दाम नव्या साड्या नेसून आल्या होत्या. मी तुझी गोष्ट सांगितली, कधी नव्हे इतकी रंगली. थांबलो. आणि ताई, ती उठली! मी मनात म्हटलं, प्रभू, आता मला न्यायला हरकत नाही. मी हात पसरून खाली उतरलो.

आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मी कोंबडी आणायला चाललेय." मधल्या वाटेने सरळ चालत गेली आणि दाराबाहेर पडली.

लोक वाट बघत बसले. कोणालाच काही कळेना. काहींना वाटलं खरंच आणेल कोंबडी. पेटीवाल्याने तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवलं. शेवटी दारातल्या माणसाने येऊन सांगितलं की मुलगी सायकलला पिशवी बांधून केव्हाच गेली. पोहोचल्याची चिठ्ठी आलीय, लिफ्टवाल्यांकडून.

माझी छी थू झाली. एक पंच म्हणाले, पाळकसाहेब, पोर हातची गेली. ही काय भानगड आहे, म्हणून मी तुझ्या भावजयीला विचारलं तर ती हसायलाच लागली. पदर तोंडात धरून हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलेलं नाही.

चिंगीच्या उशीखाली तुझ्या अक्षरातलं पाकीट सापडलं, रिकामं. पत्र ती घेऊन गेली. काय लिहिलंस माझ्या मुलीला? कोणती कोंबडी?

बाळू


२० मार्च

बाळू,

विचारलंसच, तर ऐक. मी उभी राहिले ती टोपलीखालची कोंबडी आणायला. बाकीचं लोकांनी केलं आणि बाबांनी ते होऊ दिलं. चिंगीला हेच लिहिलं होतं. बसून राहा असंही लिहिलं होतं. उठायचं तिने स्वतः ठरवलं आणि माझ्यापेक्षा बरं निभावलं.

तुझा अब्राहाम मला तोंडपाठ आहे. पण त्या गोष्टीत सुरी उचलल्यावर वरून आवाज येतो, थांब, पोराला हात लावू नकोस. गोष्ट त्या आवाजाची आहे रे. आपल्या चर्चमध्ये तो आवाज बाबांनी काढायला हवा होता. या वेळी तू. दोघेही देवाच्या तोंडाकडे बघत उभे राहिलात. आणि जिथे तो आवाज आलाच नाही ती गोष्टही शास्त्रात आहे. इफ्ताहाने नवस केला होता, घरातून जे पहिलं बाहेर येईल ते देईन. बाहेर आली नाचत त्याची लेक. तिच्यावर मी तुझा एकही संदेश ऐकलेला नाही.

म्हणतोस, बापाने पुत्र दिला. पण पुत्र आपल्या पायांनी गेला ना? बागेत घाम गाळत, हा प्याला टळू दे म्हणत, आणि तरी स्वतः गेला. त्याने शेजाऱ्याचं पोर पुढे ढकललं नाही. आपल्या घरात मात्र देणारा वेगळा आणि जाणारा वेगळा. दिलं बाबांनी, गेले मी. दिलंस तू, जाणार होती चिंगी. मान मिळतो देणाऱ्याला.

तुला ओझं उतरवायचं आहे ना? मग तूच ये. सेविकेच्या जागी सेवक चालतो, मोठ्या बाईंना मी विचारून घेतलंय. तुझी पाठ धडधाकट आहे. इथे चादरीला चार टोकं असतात आणि माझे हात दोन आहेत. ये आणि दुसरी दोन धर.

ताई


३ एप्रिल

ताई,

उत्तराला उशीर झाला. बरीच पत्रं लिहिली आणि फाडली.

मी येऊ शकत नाही. कारणं लिहायला बसलो तर मंडळी, पंच, माझा रक्तदाब, सगळं आहे. तुला ती कारणं वाटणार नाहीत. मलाही लिहिताना वाटली नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणारा म्हण. परवा आरशासमोर उभा राहून मीच म्हटलं.

पण तूही उत्तर दे. तू म्हणतेस सगळी चूक झाली. मग ज्यांना तू भरवलंस, ज्यांचे डोळे तू मिटलेस, तेही चुकीनेच का? सुताराच्या विधवेला तुझ्याशिवाय दुसऱ्याच्या हातचं सूप जात नाही. तेही कोंबडीचंच देणं?

आणि मी? इतकी वर्षं मला सांगितलं की माझ्या जिवाच्या बदल्यात कोणीतरी उभं राहिलं. आता कळतं की कोणी उभंच राहिलं नव्हतं. मग मी वाचलो कशाने, ताई? वेदीपाशी उभा राहतो आणि हाच प्रश्न आठवतो. मागच्या रविवारी आजारी आहे सांगून घरी बसलो.

मोठ्या बाईंचं पत्र आलंय. मेअखेर जागा रिकामी झाली तर दोन्ही खाटा दुसऱ्या मंडळीला जातील. घंटावाल्या आजोबांचा पुतण्या त्यांना न्यायला तयार नाही. विधवेचं कोणीच नाही. काय करू, ते तूच सांग.

बाळू


१२ एप्रिल

बाळू,

तू वाचलास औषधाने. त्या रविवारच्या आधीच तुझा ताप उतरला होता. बाबांनी नवस फेडायला उशीर केला होता एवढंच. मी पाळकांच्या हाताखाली उभी होते तेव्हा तू आईच्या मांडीवर बसून बिस्किट खात होतास, अंगभर चुरा. तुझ्या बदल्यात कोणी काही मागितलंच नव्हतं. तू फुकट मिळाला होतास. तुम्ही पाळक लोक कृपा म्हणता ती हीच असावी. फुकट मिळते म्हणून कोणाचा विश्वास बसत नाही आणि मग काहीतरी कापायला शोधतात.

त्या माणसांचं म्हणशील तर ऐक. विधवा माझ्या हातचं सूप पिते तेव्हा मला बरं वाटतं, हेही खरं. आणि मला हे आयुष्य नको होतं, हेही खरं. दोन्ही एका पोत्यात घालून तोंड शिवता येत नाही. मी पाहिलंय करून.

मी मोठ्या बाईंना सांगितलं. मे अखेर मी जात नाही. अंगात बळ आहे तोवर राहीन. खाटा राहतील.

लगेच रुमाल काढू नकोस. हे मी हौसेने केलेलं नाही. सांगून आले आणि कपड्यांच्या खोलीत दार लावून रडले. निळीवालीने त्या खोलीला पांढरा रंग लावून घेतला होता. ऐकून ती चादरींना नीळ घालत राहिली, तेच जास्त लागलं.

आता अट ऐक. हे वेदीपाशी सांगायचं नाही. घरात सांगायचं नाही. आणि चिंगीला कधीही, कसंही कळता कामा नये. तिच्या लेखी मी निळीवालीच्या खोलीत राहते. पत्र तिथे येईल, निळीवाली मला आणून देईल. माझं उत्तर तिथूनच जाईल. 'तुझ्यासाठी कोणीतरी दिलं' हे रोज ऐकून तुझं काय झालं ते मी बघतेय. सोडवून घेतलेल्या माणसाला मोल सांगत बसलं तर तो सुटला कुठे?

ताई


१८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून मी जमिनीवर बसलो. बिस्किटाचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचतो.

तू सांगशील तसंच करीन. फक्त एक विनवणी. येत्या एखाद्या रविवारी, नाव न घेता, 'एक बहीण' एवढंच म्हणून सांगू का? याहून मोठं बलिदान मी ऐकलेलं नाही. मंडळीला फार आधार होईल. मलाही.

बाळू


२२ एप्रिल

बाळू,

नाही.

ताई


१५ जून

लाडक्या आत्या,

आज पहिल्यांदा मला एकटीला लिफ्टच्या छतावर उभं केलं! खाली अंधारी विहीर, वर दोर, आणि मी ग्रीसने काळी. मास्तर म्हणाले, भीती वाटते का? म्हटलं, चर्चपेक्षा कमी.

तुला गंमत सांगते. सगळ्यांना वाटतं दोर तुटला की लिफ्ट खाली कोसळते. तसं नसतंच. वेग वाढला की खालचा ब्रेक आपोआप रुळाला धरतो. आतल्या माणसाला काही करावं लागत नाही. बऱ्याचदा त्याला कळतही नाही की काही झालं होतं.

पप्पांचं पत्र आलं होतं. लहानसंच. संदेशाचं एक अक्षर नाही. लिहिलंय, ग्रीस निघायला रॉकेल लावू नकोस, हात जळतात. मम्मी मला डबा पाठवते आणि वर चिठ्ठी लावते, 'कोंबडी नाही, भाजी आहे.'

तुझं कसं चाललंय? खोली कशी आहे? खिडकीतून काय दिसतं? तू खरंच आता काहीच करत नाहीस? मला ते डोळ्यासमोर आणायला इतकं आवडतं! मला कंटाळा आला की मी तेच करते, आत्या खिडकीत बसलीय आणि चहा पितेय.

ऑगस्टमध्ये चार दिवस सुट्टी आहे. येऊ का तुझ्याकडे?

तुझी,
चिंगी


२४ जून

चिंगे,

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. छतावर उभी राहतेस तर केस नीट बांधत जा.

मी अगदी सुखात आहे. खोली पांढरी आहे, नुकताच रंग दिलाय. एक खाट, एक खुर्ची, एक शेगडी. खिडकीखाली सायकलवाला. तो सकाळी दुकान उघडतो तेव्हा फळीचा मोठा आवाज होतो, पण मी उठत नाही. कूस बदलून पुन्हा झोपते. चाकाला पंप मारणारी पोरं असतात, त्यांची भांडणं ऐकत बसते. दुपारी ऊन खुर्चीवर येतं. चहा सावकाश पिते, गरम असेपर्यंत. काही म्हणजे काही करत नाही. एवढ्या वर्षांनंतर आधी विचित्र वाटलं, आता सवय झाली.

गुडघेही बरे आहेत. दिवसातून एकदाच काय तो जिना चढते ना.

ऑगस्टमध्ये इतक्यात येऊ नकोस. खोली लहान आहे, दोघींना पाय पसरता येणार नाहीत. तू सुट्टीत मम्मीकडे जा. ती वाट बघते. मी सवडीने तुझ्याकडेच येईन, तुझ्या लिफ्टमध्ये बसायला.

अजून खूप लिहायचं होतं, पण खालून कोणीतरी सारखं हाका मारतंय. सायकलवाल्याचं गिऱ्हाईक असणार. म्हातारं माणूस आहे, थांबत नाही. जरा बघून येते.

तुझी,
आत्या